पत्ता कंपनीचा, दार दुसऱ्याचं

आपल्या सोसायटीच्या लेटरहेडवर नावाखाली एक लांबलचक नोंदणी क्रमांक आहे आणि त्याखाली पत्ता. त्या क्रमांकातलं ‘टीएनए’ म्हणजे ठाणे, ‘एचएसजी’ म्हणजे हाउसिंग आणि ‘टीसी’ म्हणजे टेनंट को-पार्टनरशिप, हे गेल्या पंचवीस वर्षांत फार थोड्या सभासदांनी विचारलं असेल. पत्त्याबद्दल तर कोणीच नाही. पत्ता म्हणजे पत्ता, त्यात काय विचारायचं? पण महाराष्ट्र सहकारी संस्था अधिनियम, १९६० यात त्यासाठी एक स्वतंत्र कलम आहे, कलम ३७. प्रत्येक संस्थेचा एक नोंदवलेला पत्ता असला पाहिजे, सगळ्या नोटिसा आणि पत्रव्यवहार त्यावर करता आला पाहिजे, आणि तो बदलला तर तीस दिवसांत निबंधकांना लेखी कळवलं पाहिजे. त्याच्या आधीचं कलम ३६ म्हणतं की नोंदणी झालेली संस्था ही एक स्वतंत्र कायदेशीर व्यक्ती आहे. ती दावा लावू शकते आणि तिच्यावर दावा लावता येतो. ही दोन कलमं एकापाठोपाठ येतात हे मला फार बोलकं वाटतं. ज्याच्यावर दावा लावता येतो, त्याचं दार कुठे आहे ते लोकांना ठाऊक असायला नको का?

स्मरणिका समितीने मला ‘बँकेतलं काहीतरी लिहा’ असं सांगितलं. बँकेतले किस्से सांगायला बसलो तर स्मरणिकेची पानं पुरणार नाहीत आणि काही मंडळी नाराजही होतील. म्हणून हा पत्त्याचाच विषय घेतला. नोकरीतली निम्मी वर्षं मी लोकांचे पत्ते तपासण्यात घालवली आहेत. शिवाय आपल्या सोसायटीतल्या तीन-चार घरांतली मुलं आता अमेरिकेत कंपनी काढतात, आणि त्या कंपनीचा पत्ता त्यांच्या घराचा नसून कुठल्यातरी ‘रजिस्टर्ड एजंट’चा असतो. हा प्राणी नेमका कोण आणि तो आला कुठून, याची गोष्ट मोठी गमतीदार आहे.

आधी मूळ अडचण समजून घेऊ. माणसावर दावा लावायचा तर बेलिफ त्याच्या घरी जातो, समन्स हातात देतो, सही घेतो. कंपनीच्या बाबतीत हात कुठला आणि सही कोणाची? अठराव्या शतकातले इंग्लंडचे लॉर्ड चॅन्सेलर थर्लो यांच्या नावावर एक विनोद सांगतात, की कंपनीला लाथ घालायला शरीर नाही आणि नरकात धाडायला आत्मा नाही. विनोद खराच, पण ज्याचे पैसे अडकलेत त्याला हसू येत नाही.

इंग्लंडने यावर उपाय काढला तो असा. १८४४ साली कंपन्यांची नोंदणी सुरू केली आणि १८५६ च्या कायद्याने प्रत्येक कंपनीला नोंदणीकृत कार्यालय सक्तीचं केलं. सगळी पत्रं, सगळ्या नोटिसा तिथे. पत्र तिथे पोचलं म्हणजे कंपनीला पोचलं. पुढच्याच वर्षी, १८५७ मध्ये, जवळपास तोच कायदा आपल्याकडे आला. त्या कायद्याने भागधारकांची जबाबदारी मर्यादित केली, पण बँकांना ती सवलत दिली नाही. बँकांसाठी १८६० उजाडावं लागलं. (बँकवाल्यांवर सरकारचा विश्वास तेव्हापासूनच कमी!) पुढे १९५६ च्या कंपनी कायद्यात तर असं होतं की कंपनीने आपलं नाव आणि नोंदणीकृत कार्यालयाचा पत्ता कार्यालयाबाहेर ठळक अक्षरांत रंगवावा किंवा लावावा, आणि तो त्या भागात चालणाऱ्या भाषेच्या लिपीतही असावा. आज मराठी पाट्यांवरून एवढं रण माजतं, पण कंपन्यांच्या बाबतीत ही अट इतकी जुनी आहे हे फार थोड्यांना माहीत असतं. २०१३ च्या नव्या कायद्यातही ती कायम आहे.

इंग्लंडचं काम सोपं होतं. देश एक, कायदा एक, कंपनी तिथलीच. अमेरिकेत तसं नव्हतं. तिथे कंपनी जन्माला घालण्याचा अधिकार राज्यांचा. जॉर्जियात जन्मलेली कंपनी अलाबामात परकी. आता पोटापाण्यासाठी ती अलाबामात गेली तर तिचं तिथलं स्थान काय?

हा प्रश्न सर्वोच्च न्यायालयापर्यंत गेला तो एका बँकेच्याच खटल्यात, १८३९ साली. बँक ऑफ ऑगस्टा विरुद्ध अर्ल. ऑगस्टा हे जॉर्जियातलं गाव. त्या बँकेने अलाबामातल्या मोबील बंदरात हुंड्या विकत घेतल्या होत्या. पैसे द्यायची वेळ आली तेव्हा अर्ल नावाच्या गृहस्थाने हात वर केले. त्याचं म्हणणं, परराज्यातल्या बँकेला इथे व्यवहार करायचा अधिकारच नाही, मग मी पैसे देऊ कशाचे? कर्जदारांची कल्पकता दोनशे वर्षांपूर्वीही कमी नव्हती, हे वाचून मला जुने काही चेहरे आठवले. खालच्या कोर्टात अर्ल जिंकला. वर सरन्यायाधीश टॅनी यांनी निकाल फिरवला. त्यांनी सांगितलं की कंपनी जिथे जन्मली तिथेच तिचा वास, ती घरदार उचलून दुसऱ्या राज्यात राहायला जाऊ शकत नाही. पण राज्याराज्यांत परस्पर सौजन्य असतं. त्यामुळे एखाद्या राज्याने स्पष्ट मनाई केली नसेल, तर ती आपल्या माणसांमार्फत तिथे करार करू शकते.

बँकेला पैसे मिळाले. पण निकालात एक फट राहिली. कंपनी परराज्यात जाऊन धंदा करू शकते, पैसे वसूल करू शकते. मात्र तिनेच कोणाला फसवलं तर? तिचा वास तर तिच्या जन्मराज्यात. अलाबामातल्या शेतकऱ्याने जॉर्जियात जाऊन दावा लावायचा का? हे दुखणं विम्याच्या धंद्यात सगळ्यात जास्त जाणवलं. परराज्यातल्या विमा कंपन्या गावोगाव दलाल नेमून हप्ते गोळा करत आणि गोदाम जळालं की म्हणत, आमच्या राज्यात येऊन भांडा.

मग राज्यांनी अट घातली. आमच्याकडे धंदा करायचाय ना? मग इथलाच एक माणूस नेमा, त्याचं नाव-पत्ता आम्हाला द्या आणि मान्य करा की त्याच्या हातात समन्स पडलं म्हणजे तुमच्या हातात पडलं. ओहायो राज्यातल्या अशा कायद्यावर इंडियानाची लाफायेत इन्शुरन्स कंपनी भांडली. १८५५ च्या त्या खटल्यात सर्वोच्च न्यायालयाने तत्त्व मांडलं की राज्याला अशी अट घालता येते, आणि जी कंपनी तिथे धंदा करते तिने ती अट मान्य केली असंच धरायचं. रजिस्टर्ड एजंटचा जन्म हा असा झाला. कंपनीच्या सोयीसाठी नाही. ज्याचं गोदाम जळालं, त्याला ठोठवायला एक दार असावं म्हणून. पुढची सगळी गोष्ट वाचताना हे लक्षात ठेवावं.

कारण पुढे गोष्ट उलटी फिरते.

१८९० च्या सुमारास न्यू जर्सी राज्याची तिजोरी रिकामी होती. शेजारी हडसन नदीपलीकडे न्यूयॉर्कमध्ये पैसा वाहत होता, पण तिथले कंपनी कायदे कडक. जेम्स डिल नावाच्या वकिलाने न्यू जर्सीच्या गव्हर्नरना युक्ती सुचवली: आपला कायदा सैल करा, एका कंपनीला दुसऱ्या कंपनीचे शेअर घेऊ द्या, फी कमी ठेवा; न्यूयॉर्कचे धनिक नदी ओलांडून नोंदणीला येतील. पण कायद्यानुसार कंपनीचं कार्यालय आणि एजंट राज्यात असायला हवा. प्रत्येकाने जर्सीत जागा कशाला घ्यायची? त्यासाठी १८९२ मध्ये कॉर्पोरेशन ट्रस्ट कंपनी उभी राहिली. एक कार्यालय, शेकडो कंपन्यांचा पत्ता. तिच्या संचालकांत राज्याचे वरिष्ठ पदाधिकारीही होते. म्हणजे कायदा करणारा, नोंदणी करणारा आणि पत्ता भाड्याने देणारा, तिघांची खुर्ची जवळजवळ एकाच टेबलाला!

युक्ती बेफाम चालली. १८९९ मध्ये रॉकफेलरच्या तेलसाम्राज्याची सूत्रं स्टँडर्ड ऑइल ऑफ न्यू जर्सीकडे आली. १९०१ मध्ये यू. एस. स्टील न्यू जर्सीतच नोंदली गेली. शंभर कोटी डॉलरच्या वर भांडवल असलेली ती पहिली कंपनी. भट्ट्या पिट्सबर्गला, मालक न्यूयॉर्कला, पत्ता जर्सीत. पत्ता एकीकडे आणि कारखाना दुसरीकडे यात मुळात गैर काही नाही, हेही सांगायला हवं. आपली टाटा स्टील १९०७ मध्ये मुंबईत नोंदली गेली, भट्टी पेटली जमशेदपूरला. आजही तिचा पत्ता फोर्टातलं बॉम्बे हाउस आहे. पण बॉम्बे हाउसमध्ये जाऊन विचारलं तर कंपनीची माणसं भेटतात. जर्सीतल्या त्या कार्यालयात फक्त पत्र घेणारा कारकून भेटत असे. हा फरक मोठा आहे. १९०५ मध्ये लिंकन स्टेफन्स या पत्रकाराने न्यू जर्सीला ‘गद्दार राज्य’ म्हणून लेख लिहिला, कारण इतर राज्यांनी मक्तेदारीला घातलेले लगाम जर्सीने फीसाठी सोडून दिले होते.

१९१३ मध्ये तिथले गव्हर्नर वुड्रो विल्सन यांनी, राष्ट्राध्यक्षपदाची शपथ घ्यायच्या काही आठवडे आधी, मक्तेदारीविरोधी सात कायद्यांवर सह्या केल्या. लोक त्यांना ‘सात बहिणी’ म्हणत. बहिणी आल्या आणि कंपन्या गेल्या. कुठे? शेजारच्या डेलावेअरमध्ये. या चिमुकल्या राज्याने १८९९ मध्येच न्यू जर्सीच्या कायद्यावर बेतलेला कायदा करून ठेवला होता. विल्मिंग्टनमध्ये त्याच वर्षी कॉर्पोरेशन सर्व्हिस कंपनी नावाची एजंट कंपनीही निघाली होती. न्यू जर्सीने काही वर्षांत ते कायदे बहुतांशी मागे घेतले, पण गेलेलं गिऱ्हाईक परत आलं नाही. आमच्या शाखेसमोर दुसरी बँक उघडली की काय होतं ते आम्हाला चांगलं माहीत होतं.

आज डेलावेअरची वस्ती दहा लाखांच्या आसपास आणि तिथे नोंदलेल्या कंपन्या वीस लाखांहून जास्त. माणशी दोन! विल्मिंग्टन शहरात १२०९ नॉर्थ ऑरेंज स्ट्रीट इथे एक साधी, बुटकी इमारत आहे. ती त्याच कॉर्पोरेशन ट्रस्टची. २०१२ मध्ये न्यूयॉर्क टाइम्सने छापलं की दोन लाख पंच्याऐंशी हजार व्यवसायांचा कायदेशीर पत्ता ही एक इमारत आहे. त्यात कोका-कोला, फोर्ड, गूगल, वॉलमार्ट. २०१६ च्या निवडणुकीत एकमेकांविरुद्ध उभे असलेले ट्रम्प आणि हिलरी क्लिंटन यांच्याशी संबंधित कंपन्यांचाही पत्ता हाच निघाला.

तिथे काम काय चालतं? कोर्टाचा माणूस समन्स आणून देतो. कारकून ते घेतो, तारीख-वेळ नोंदवतो, स्कॅन करतो, संबंधित कंपनीला पाठवतो. सरकारी पत्रं, कराची स्मरणपत्रं तशीच. एजंटला खरा रस्त्यावरचा पत्ता लागतो, पोस्ट बॉक्स चालत नाही, आणि कामाच्या वेळेत समन्स घ्यायला माणूस हजर लागतो. वरवर पोस्टमनचंच काम. पण एजंटने समन्स घेतलं की उत्तराची मुदत सुरू होते. कंपनीने वेळेत उत्तर दिलं नाही तर कोर्ट एकतर्फी निकाल देऊ शकतं.

आपल्याकडेही तत्त्व तेच. जनरल क्लॉजेस अॅक्ट, १८९७ चं कलम २७ म्हणतं की बरोबर पत्त्यावर, पैसे भरून, रजिस्टर्ड पोस्टाने टाकलेलं पत्र पोचलं असंच धरायचं, उलट सिद्ध होईपर्यंत. न वटलेल्या चेकच्या प्रकरणात २००७ मध्ये आपल्या सर्वोच्च न्यायालयाने हेच पक्कं केलं. आमच्याकडे परत आलेल्या पाकिटांचा गठ्ठा असे. त्यावर पोस्टमनचे शेरे: ‘घर बंद’, ‘लेफ्ट’, ‘अपुरा पत्ता’, ‘घेण्यास नकार’. कर्जदाराला वाटे, पाकीट घेतलं नाही म्हणजे सुटलो. उलट ‘घेण्यास नकार’ हा शेरा आमच्या वकिलांना सगळ्यात आवडता.

परदेशी कंपन्यांच्या बाबतीत तर आपल्या कायद्यात सरळ अमेरिकन पद्धतीचीच अट आहे: भारतात धंदा करणाऱ्या विदेशी कंपनीने इथे राहणाऱ्या व्यक्तीचं नाव-पत्ता द्यायचा, जी तिच्या वतीने नोटिसा स्वीकारेल. १९५६ च्या कायद्यात ती होती, २०१३ च्या कायद्यात कलम ३८० मध्ये आहे.

आता अंधारी बाजू. जे दार ठोठवण्यासाठी केलं, ते लपण्यासाठी वापरता येतं. दारामागे कारकून आहे, पण कारकुनामागे कोण, हे त्यालाही पुष्कळदा ठाऊक नसतं. केमन बेटांवरच्या उगलंड हाउस या इमारतीत अमेरिकी सरकारच्या लेखापरीक्षकांना २००८ मध्ये १८,८५७ नोंदण्या आढळल्या. ओबामा त्यावर म्हणाले होते की ही एकतर जगातली सगळ्यात मोठी इमारत असेल नाहीतर सगळ्यात मोठी करलबाडी. अमेरिकेने २०२१ मध्ये कायदा केला, की कंपनीचा खरा मालक कोण ते सरकारला कळवा. १ जानेवारी २०२४ पासून तो लागू झाला आणि मार्च २०२५ मध्ये देशी कंपन्यांना त्यातून सूट मिळाली. म्हणजे पुन्हा ये रे माझ्या मागल्या.

आपणही काही कमी नाही. मुंबईत फोर्टातल्या जुन्या इमारतींच्या जिन्यात एकेका दारावर रंगवलेल्या वीस-वीस कंपन्यांच्या पाट्या मी पाहिल्या आहेत. एकदा कर्जाच्या अर्जावरचं नोंदणीकृत कार्यालय पाहायला गेलो तर तिथे शिंप्याचं दुकान. शिंपी सज्जन होता. म्हणाला, “साहेब, पत्र आलं तर ठेवून द्यायचं एवढंच मला सांगितलंय, महिन्याला चहापाण्याचे देतात.” त्या माणसाने प्रामाणिकपणे एजंटचं काम केलं, नोंदणी तेवढी नव्हती! कर्ज अर्थातच दिलं नाही. पुढे त्या कंपनीकडे माल उधार देऊन बसलेला एक छोटा व्यापारी आमच्या शाखेत पत्ता विचारत आला होता. आम्ही तरी काय सांगणार? त्याच्याकडे कोर्टाचा हुकूमनामा होता, आणि तो बजावायला जगात जागा नव्हती.

२०१७ मध्ये केंद्र सरकारने दोन लाखांहून अधिक निष्क्रिय कंपन्यांची नावं नोंदवहीतून काढली. २०१९ मध्ये कंपन्यांना कार्यालयाचा आतला-बाहेरचा फोटो, त्यात निदान एक संचालक किंवा मुख्य अधिकारी दिसेल असा, आणि जागेचे अक्षांश-रेखांश द्यायला लावले. पत्त्यावरचा विश्वास एवढा उडाला होता.

आता आपल्या घरांपुरतं थोडं. अमेरिकेत कंपनी काढणारी मुलं डेलावेअर निवडतात ती बहुतेक लबाडीसाठी नव्हे. तिथलं चॅन्सरी कोर्ट १७९२ पासूनचं, ज्युरीशिवाय अनुभवी न्यायाधीश निकाल देतात, आणि गुंतवणूकदारांना तो कायदा पाठ असतो. एजंटची वर्षाची फी मात्र चुकवू नये. एजंटने राजीनामा दिला आणि दुसरा नेमला नाही तर राज्य कंपनीची नोंदणी संपवू शकतं. मुलांनी एजंटला दिलेला ईमेल रोज उघडला जातो ना, हेही आईवडिलांनी एकदा विचारावं. दुसऱ्या राज्यात नोंदणी करतानाही विचार करावा. २०२३ मध्ये तिथल्या सर्वोच्च न्यायालयाने पाच विरुद्ध चार मतांनी निकाल दिला: व्हर्जिनिया आणि ओहायोत काम केलेल्या एका माजी रेल्वे कामगाराने आपल्या आजारपणासाठी रेल्वे कंपनीवर पेन्सिल्वेनियात लावलेला दावा तिथे चालू शकतो, कारण कंपनीने त्या राज्यात धंद्यासाठी नोंदणी केली होती आणि तिथल्या कायद्याने नोंदणी म्हणजेच संमती.

आणि ज्यांनी भारतातली कंपनी आपल्याच फ्लॅटच्या पत्त्यावर नोंदवली आहे त्यांच्यासाठी: कागद म्हणून वीजबिल दोन महिन्यांच्या आतलं लागतं, जागा दुसऱ्याच्या नावावर असेल तर त्याची संमती लागते, हे तुमचे सीए सांगतातच. पण २०२२ च्या नियमानुसार कंपनी निबंधकांचा माणूस प्रत्यक्ष पाहणीला येऊ शकतो, आणि ती पाहणी त्या भागातल्या दोन स्वतंत्र साक्षीदारांसमोर होते. आपल्या इमारतीत हे दोन साक्षीदार म्हणजे बहुधा समोरच्या फ्लॅटमधल्या काकू आणि गेटवरचा वॉचमन. तेव्हा दारावर कंपनीची पाटी लावा, मराठीतही लावा, आणि कंपनीचं नाव काय ते काकूंना आजच सांगून ठेवा.